जिंकलो, मॅडम

नांदेडच्या एका शाळेत मी गेली अकरा वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवते. 'शिकवते' हा शब्द हल्ली माझ्या तोंडून जरा अडखळत निघतो. का, ते सांगायचं तर हदगावहून आलेल्या एका मुलीपासून सुरुवात करावी लागेल.

ती आली तेव्हा आठवीत होती आणि उंची पाच फूट नऊ इंच. वडील एसटीत कंडक्टर. जूनमध्ये एका सकाळी ते खाकी कपड्यांतच तिला घेऊन मैदानावर आले. मुलगी त्यांच्या मागे उभी राहून लपायला बघत होती, पण लपता येत नव्हतं. बापापेक्षा ती चार बोटं वर होती.

"मॅडम, तुमच्या खेळात उंच पोरी लागत्यात म्हणं," ते म्हणाले. "गावात पोरं हिला खांब म्हणत्यात. वर्गात मागं बसती, फोटोत मागं उभी राहती. इथं तरी पुढं उभी राहू द्या."

"खेळलीय का कधी?"

"न्हाई. पण शिकंल की. हाव ना गं?"

मुलीनं मान हलवली. मी तिला बोर्डाखाली नेलं आणि उडी मारून हात वर कर म्हटलं. तिची बोटं जाळीला लागली. माझ्या बाकीच्या मुलींपैकी कुणाचीच तोवर लागली नव्हती. त्याच क्षणी माझ्या मनात आलं, यंदा जिल्हा आपला. तिचं नाव मी त्यानंतर विचारलं.

मी स्वतः लातूरची. शाळेत आणि कॉलेजात खेळले, पण पाच फूट एक इंचाच्या मुलीला बास्केटबॉलमध्ये जेवढं खेळू देतात तेवढंच. बहुतेक वेळ बाकावर गेला. टॉवेल द्यायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, टाळ्या वाजवायच्या. संघ हरला तर आपल्यामुळे हरला नाही आणि जिंकला तर आपल्यामुळे जिंकला नाही, असं ते बसणं असतं. म्हणजे बाकावर बसणं काय असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी पुढे जे केलं ते केलं.

त्या मुलीला मी एकच गोष्ट शिकवली. बास्केटखाली उभं राहायचं, हात वर ठेवायचे, वरच्या वर बॉल घ्यायचा आणि उजव्या हातानं बोर्डाला लावून आत टाकायचा. "खाली आणू नको. बॉल खाली आणू नको!" मी कोर्टाच्या कडेनं ओरडत पळायचे. खाली आणला की बुटक्या पोरी तो हिसकावून घ्यायच्या, वर ठेवला तर कुणाचा हात पोचत नव्हता. बाकीच्या मुलींना मी एकच गोष्ट सांगितली होती: बॉल तिला द्या.

आम्ही जिल्हा जिंकला. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी आम्हाला पुढे बोलावून हार घातले. पेपरात फोटो आला, आणि ती मुलगी मधोमध उभी होती. वडिलांनी तो पेपर बसमध्ये तिकिटाच्या मशीनबरोबर ठेवला होता म्हणे, आणि ओळखीचा पॅसेंजर चढला की काढून दाखवायचे.

दुसऱ्या वर्षीही जिल्हा जिंकला आणि आम्ही लातूरला विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो. आता पालकांचे फोन यायला लागले. राज्य पातळीवर खेळलं की दहावीला सवलतीचे गुण मिळतात, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. आमच्याकडे दहावी म्हणजे घरातली लढाईच. एकेक गुण मोजला जातो. फोनवर खेळाबद्दल कुणी विचारायचं नाही. "मॅडम, यंदा राज्याला जाईल ना टीम?" एवढंच.

मी जाईल म्हणायचे, आणि फोन ठेवला की माझा पाय हलायला लागायचा. स्टाफरूममध्ये शेजारच्या मॅडम म्हणायच्या, "अहो, टेबल हलून राहिलंय." मला बसवायचंच नाही. वही तपासायला घेतली तरी तिच्या शेवटच्या पानावर मी पाच खेळाडूंचे गोल काढत बसायचे. पाचच. संघ बारा जणींचा होता.

सामन्यानंतर जर्सी मी घरी आणून धुवायचे. पोत्यातून एकेक काढताना कळायचं, पाच ओल्याचिंब, एखादी दमट, आणि सहा तशाच्या तशा, इस्त्रीची घडीसुद्धा न मोडलेल्या. आधी मी त्याही धुवायचे. नंतर नुसत्या वाळत घालून परत घडी करायला लागले. साबण वाचला, असंच तेव्हा वाटलं.

त्या सहांपैकी एक डावखुरी मुलगी होती. सातवीतली, चणीनं लहान. बॉल तिच्या हाताखालून असा जायचा की बघत राहावं. पण ती बॉल घेऊन निघाली की मी ओरडायचे, "पास दे! वर दे! स्वतः जाऊ नको!" ती थांबायची, माझ्याकडे बघायची आणि पास द्यायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती यायची बंद झाली. ती येत नाही हे माझ्या लक्षात यायला आठ दिवस लागले. वर्गात जाऊन विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मी चित्रकलेच्या परीक्षेला बसले." तिनं अगदी नीट, हसून सांगितलं. मी म्हटलं, छान. वर्गाबाहेर आल्यावर मला आठवलं की दोन वर्षांत मी तिला पूर्ण सामना एकदाही खेळवला नव्हता. तो विचार मी फार वेळ डोक्यात राहू दिला नाही. विभागीय स्पर्धा तोंडावर होती.

तिसऱ्या वर्षी, हदगावची मुलगी दहावीत असताना, आम्ही लातूरला अंतिम सामना जिंकलो. माझ्याच गावात, जिथं मी बाटल्या भरल्या होत्या तिथं. मुली मला उचलायला आल्या आणि मी खरंच रडले. राज्य स्पर्धेत दुसऱ्याच सामन्यात हरलो, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. गुण पक्के झाले होते. शिवाय मुलीला पुण्याला एका निवासी प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं. तिथं निवड झाली की राहणं, खाणं, शिक्षण, खेळ सगळं तिथंच. वडिलांना रजा मिळाली नाही, म्हणून मीच तिला घेऊन गेले.

चाचणीच्या हॉलमध्ये शिरलो आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. तिच्याएवढ्या उंच मुली तिथं बारा-पंधरा होत्या. दोघी तर तिच्याहून उंच. आणि त्या सगळ्या सरावासाठी बॉल घेऊन इकडून तिकडे पळत होत्या, दोन्ही हातांनी, मान वर करून. माझी मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली.

निवड करणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, गळ्यात शिट्टी, आवाज शांत. त्यांनी तिला मधल्या रेषेवर उभं केलं. "इथून निघ. डाव्या हातानं ड्रिबल करत जा आणि डाव्या हातानंच टाक."

ती निघाली. तिसऱ्या ड्रिबलला बॉल तिच्याच बुटावर आपटला आणि लांब घरंगळत गेला. कुणीतरी तो परत आणून दिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं नकळत उजवा हात घातला.

"असू दे," बाई म्हणाल्या. "उजव्या हातानं ये. पंधरा फुटांवरून टाक."

बॉल रिंगपर्यंतही गेला नाही. तिथून टाकायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "किती वर्षं खेळतेस, बाळ?"

"तीन वर्षं, मॅडम."

"तीन वर्षांत काय केलं?"

ती गोंधळली. मग उत्तर माहीत असलेला प्रश्न आल्यासारखी एकदम म्हणाली, "जिंकलो, मॅडम."

रांगेतल्या दोन-तीन मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली आणि हॉलच्या कडेला मी उभी होते तिथं पाहिलं. रागानं नाही. ओळखीचं काहीतरी दिसावं तसं. मी नजर खाली घातली.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत निघालो. दौंड मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी चहा घेतला, बिस्किटांचा पुडा फोडला, उगाच दोनदा दारापर्यंत जाऊन आले. परत येऊन बसले तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, तुमाला डाव्या हातानं येतं का?"

"येतं."

"चांगलं येतं?"

"बऱ्यापैकी."

"मग मला का न्हाई शिकवलं?"

"वेळ मिळाला नाही गं. स्पर्धा मागून स्पर्धा..."

"तीन वर्षं?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. हिशेब जुळत नसल्यासारखं ती विचारत होती. पुढे ती खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि मला मात्र जागेवर बसणं अशक्य झालं. लातूर येईपर्यंत मी डब्यात फेऱ्या मारत होते. टीसीनं विचारलं, "मॅडम, सीट नाही का?"

दहावीच्या निकालानंतर वडील पेढे घेऊन घरी आले. "गुण मिळाले मॅडम, बास झालं. तुमच्यामुळं लातूरच्या चांगल्या कॉलेजात अकरावीला नंबर लागला. आता डाक्टरकीचे क्लास लावले." मुलगी दारात उभी होती. वाकून पाया पडली. मी आशीर्वाद दिला, आणि अर्धा पेढा बशीतच ठेवला.

त्या जूनमध्ये मी सामानाच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला. प्रत्येक सामन्यात प्रत्येक मुलगी खेळणार. आठवीपर्यंत कुणाचीही कोर्टावरची जागा ठरलेली नसणार. मंगळवारी उजवा हात बंद. मंगळवारी मुली ओढणीनं एकमेकींचे उजवे हात कमरेला बांधायच्या आणि हसून हसून खाली बसायच्या. बॉल गटारात जायचे, गेटबाहेर जायचे. नवव्या मंगळवारी एक उंच मुलगी डाव्या हातानं सरळ निघाली आणि आत टाकूनच थांबली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. वाटलं, आता जमलं.

ऑगस्टमध्ये आम्ही जिल्हा स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात हरलो. तीन गुणांनी. तिसऱ्या डावात आम्ही पुढे होतो, आणि दारावरच्या कागदाप्रमाणे मी दोन चांगल्या मुली बाहेर काढून दोन नवख्या आत पाठवल्या. तिथंच सामना गेला.

मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आपल्या शाळेत प्रयोगशाळा वेगळी आहे. दुसऱ्या मजल्यावर," ते म्हणाले. त्यांचं बोलणं मला सोसलं, कारण ते मला अपेक्षित होतं.

पण संध्याकाळी एका मुलीची आई आली, तिचं काय करायचं हे मला कळेना. तिचं किराणा दुकान होतं, ते नवऱ्यावर सोपवून ती आली होती. मुलगी दहावीत. मी बाहेर काढलेल्या दोघींपैकी एक.

"मॅडम, भांडायला न्हाई आले," ती म्हणाली. "फक्त समजून घ्यायचं हाय. माझी पोरगी पाच वर्षं उन्हातान्हात आली. ताप असला तरी आली. यंदा तिची पाळी व्हती राज्याला जायची. मागच्या पोरींना तुमी जिंकून दिलं. आमच्याच वेळेला तुमाला शिकवायचं का आठवलं?"

मी पाणी आणून दिलं. तिनं ते घेतलं, सगळं प्यायली आणि ग्लास टेबलावर ठेवून गेली. तिची मुलगी त्यानंतर दहावी संपेपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात मी समोरून आले की चपलेकडे बघायची. ते गुण तिच्या कामी आले असते की नसते, मला माहीत नाही. पण तिनं मला पाच वर्षं दिली होती, आणि माझ्या चुकीची दुरुस्ती मी तिच्या वाट्याला घातली, हे खरं आहे.

म्हणून पुढच्या वर्षी मी तो कागद फाडला. पूर्ण नाही. 'प्रत्येक सामन्यात' ही ओळ फाडली, मंगळवार ठेवला. जिल्हा कसाबसा जिंकला. कुणी रागावलं नाही, कुणी हारही घातले नाहीत. त्या वर्षी मी सामन्याच्या मधेच मनात ठरवायचे, हिला आता घालते, आणि घालायचे नाही. दोन मिनिटांनी घालते. मग चार मिनिटांनी. शिट्टी वाजायची आणि त्या मुलीच्या ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत लावलेलीच असायची.

त्याच वर्षी, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, आम्ही पुन्हा लातूरला विभागीय स्पर्धेला गेलो. रविवार होता. उपांत्य सामना सुरू व्हायच्या आधी कुणीतरी मागून "मॅडम" म्हटलं. हदगावची मुलगी. बारावीत होती, चष्मा लागला होता, हातात नोट्सचा गठ्ठा. सकाळी क्लासची टेस्ट देऊन मेसला जाता जाता आली होती.

"खेळतेस का इथं?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. कधी खेळू? सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, परत क्लास." तिनं गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. "आणि खेळ सोडला असं म्हणता येत न्हाई. सोडायला आधी यायला तर पायजे."

हे ती हसून म्हणाली. मी हसू शकले नाही. तिला ते दिसलं बहुतेक, कारण लगेच म्हणाली, "तसं न्हाई मॅडम. गुण मिळाले, ॲडमिशन मिळालं. घरचे लई खूश हायेत." मग ती आमच्या बाकाच्या टोकाला येऊन बसली.

सामना घासून चालला होता. शेवटची पाच मिनिटं, गुण बरोबरीत. मी कडेनं एवढ्या फेऱ्या मारत होते की पंचांनी दोनदा रेषेच्या मागे जायला सांगितलं. अकरा मुली खेळून झाल्या होत्या. एक राहिली होती, नववीतली, जळकोटकडची, मामाकडे राहून नांदेडला शिकणारी. ती बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती. तिसऱ्यांदा.

"मॅडम, ती राहिली," हदगावची मुलगी म्हणाली.

"माहीत आहे. आत्ता नको."

"मग कधी?"

मी तिच्याकडे वळले. ती माझ्याकडे बघत नव्हती, कोर्टाकडे बघत होती. मला किराणा दुकानवाल्या आईचा तो रिकामा ग्लास आठवला आणि मी म्हटलं नको. मग बाकावर ती नाडी दिसली. हात वर करून मी खेळाडू बदलायची खूण कधी केली, मला सांगता येणार नाही.

ती आत गेली. पहिलाच बॉल तिच्या हातातून निसटला आणि समोरच्यांनी दोन गुण घेतले. पुढच्या वेळी ती समोरच्या मुलीला अशी चिकटली की तिला वळताच येईना, बॉल बाहेर गेला, आमचा झाला. तिनं वळून बाकाकडे पाहिलं. चेहरा लालभडक. आणि त्याच वेळी मी तिला परत बोलावलं. पंचांच्या घड्याळानं ती एक मिनिट आणि थोडे सेकंद खेळली असेल. आम्ही एका बास्केटनं जिंकलो.

मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी वळून पाहिलं तर बाकाच्या टोकाला कुणी नव्हतं. मेसची वेळ संपत आली असेल. संध्याकाळी तिचा मेसेज आला, 'अभिनंदन मॅडम. उद्या फायनलला यायला जमणार नाही, टेस्ट आहे.' मी अंगठा पाठवला. आणखी काही लिहायचं होतं, दोनदा लिहून पुसलं.

अंतिम सामना आम्ही हरलो. नांदेडला परतल्यावर पहिल्या सरावाला जळकोटची मुलगी सगळ्यांच्या आधी आली. मी खोलीचं कुलूप काढत होते.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचार."

"मी तर बॉल काढून दिला होता. मग मला बाहेर का घेतलं?"

दहा उत्तरं तयार होती. डावपेच होता, तू दमली होतीस, उंच खेळाडू हवी होती. अकरा वर्षांत मी ती सगळी वापरली आहेत.

"मी घाबरले," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मोठी माणसं असं बोलतात हे तिला खरं वाटलं नसावं. "कशाला?"

"हरू म्हणून."

ती म्हणाली, "घाबरले तर मी बी होते. पण मी बाहेर आले नसते."

तिनं आतून दोन बॉल काढले, दाबून बघितले, एक नरम निघाला तो परत ठेवला आणि दुसरा घेऊन कोर्टावर गेली. मी कुलूप हातात धरून दारातच उभी राहिले. बाकीच्या मुली गेटमधून येत होत्या, त्यांच्यातल्या दोघी पुढच्या वर्षी दहावीत जाणाऱ्या. त्यांच्या घरून आदल्या दिवशीच फोन येऊन गेला होता: "मॅडम, पुढच्या वर्षी राज्याला जाईल ना टीम?"